रोज संध्याकाळी तेच प्रकरण

आई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे? बाबा तेल चोळून देतात की नुसताच पेपर वाचतात?

माझ्या कादंबरीच्या वाचनाला सभागृह भरतं. पण सगळ्यांना आई मरते तेच प्रकरण हवं असतं. पहिल्याच दिवशी निवेदिकेनं ती माझीच खरी गोष्ट म्हणून सांगितली, लोक रडले, आणि ते खरं नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आता जाहिरातीतही तेच छापलंय.

काल मंचावर असताना तुझा फोन आला. फोनच्या पडद्यावर ‘आई’ उमटलं. निवेदिकेनं ते पाहिलं, फोन हळूच पालथा घातला आणि म्हणाली, "वाचा पुढे."

तेव्हा संध्याकाळी फोन करू नकोस. सकाळी कर. रोज कर.

तुझाच,
धाकटा