दोनच दारांची गाडी

माझा शाळेतल्या बाकावरचा सोबती बाबाजी यास गुलाम रसूलचा सलाम आणि जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? शालनवहिनींचा खोकला थांबला का? मी खुशाल आहे. साखर थोडी वाढली आहे, पण आंब्याच्या दिवसांत ज्याची वाढत नाही तो आपल्या जिल्ह्याचा नव्हेच.

दोन वाड्यांमध्ये जेमतेम एक चढण, आणि हा टपालाने पत्र कसलं धाडतो, असं तू म्हणशील. पण फोन केला की तुझ्या मागे गाडीत सातजण एकदम बोलत असतात आणि तू नंतर करतो म्हणून ठेवून देतोस. (नंतर करत नाहीस, पण ते असो.) दारावरून दिवसातून चार वेळा जातोस, हॉर्न वाजवतोस, मी ओटीवरून उठेपर्यंत वळणापलीकडे गेलेला असतोस. पोस्टमनही हल्ली तुझ्याच व्हॅनमधून फिरतो, तेव्हा हे पत्र तूच तुझ्या घरी पोचवणार आहेस.

आता माझ्या गाडीविषयी. बोटीवर इंजिनात होतो तेव्हा हॅम्बुर्गच्या धक्क्यावर लांब नाकाची, दोन दारांची अशी एक गाडी पाहिली होती. तो किस्सा मी फैझानला इतक्यांदा सांगितला की पोराने वैतागून दोह्याहून पैसे पाठवले आणि मुंबईच्या कुणा हौशी माणसाची वीस वर्षं वापरलेली तसलीच गाडी माझ्या अंगणात आणून उभी केली. अब्बा, आता गावभर माणसं वाहणं पुरे, म्हणाला. म्हणून माझी व्हॅन तू घेतलीस. मीही खुशीने दिली, हे कबूल करतो.

गाडी देखणी आहे, प्रश्नच नाही. आत बसलं की खुर्ची आपणहून पुढे सरकते, पाठ शेकते. (मे महिन्यात पाठ शेकते, ते बंद करायचं बटण अजून सापडलेलं नाही.) तिच्या नकाशात अख्खा युरोप आहे, रत्नागिरी नाही, त्यामुळे जयगडच्या रस्त्याला लागलो की तिला वाटतं मी समुद्रात शिरलो आणि ती घाबरून गप्प होते. शाळेपुढच्या गतिरोधकावर पोट असं घासतं की वर्गातून मास्तर बाहेर येतात. दारं एवढी लांब की मच्छी मार्केटाच्या गल्लीत मला खिडकीतून बाहेर यावं लागलं, आणि ते पाहायला निम्मी रत्नागिरी जमली. आपला मेकॅनिक स्वरूप गाडीचं नाक उघडून आत वाकला आणि म्हणाला, "चाचा, हिच्यात हात घालायला पण जागा नाय." मग आम्ही चहा प्यायलो.

पण हे सगळं चालेल रे. सांगायचं ते वेगळंच आहे. दोन महिने झाले, मला रस्त्यात कुणी हात दाखवलेला नाही.

व्हॅन होती तेव्हा नाक्यापर्यंत चार हात वर. कुणाची म्हातारी दवाखान्यात, कुणाची पेटी स्टेशनात, कुणाची कोंबडी पाहुण्याकडे. हफीजा म्हणायची, घरात माणसं दोन आणि गाडीत अकरा. ती गेल्यावर घरात एक राहिलं, पण गाडीत अकराच होती, म्हणून ते वर्ष मला काढता आलं. आता लोक माझी गाडी बघून बाजूला होतात आणि चक्क सलाम करतात. खाली फाट्यावर एका माणसाने मला मुंबईचा जमीन घेणारा समजून, थांबायच्या आतच, विकायची नाय म्हणून सांगितलं. परवा काशी मासळीची पाटी घेऊन उन्हात उभी होती. मी थांबलो, दार उघडलं. ती आतलं चामडं बघून दोन पावलं मागे गेली. "नको ओ चाचा, पाटीचं पानी गळतंय. बाबाजींची गाडी येतेय ना मागून." एवढी वर्षं ते पाणी माझ्या व्हॅनमध्ये गळत होतं, तेव्हा मीच कटकट करायचो.

शेवटी गेल्या सोमवारी मी बाजूच्या खुर्चीवर फणस ठेवला. गाडीला वाटलं माणूस बसलं, ती पट्टा लावा म्हणून किणकिणायला लागली. मी फणसाला पट्टा लावला. घरी आल्यावर तो उतरवायला हवा होता, पण दोन दिवस तसाच राहू दिला. निदान गाडीची तरी समजूत होती की सोबत कुणीतरी आहे. मला वाटायचं माणसं माझ्यासाठी येतात. ती व्हॅनसाठी येत होती, हे आता कळलं, आणि वाईट वाटलं.

शालनवहिनींना सलाम. फणस पिकला आहे, कुणाला तरी पाठव.

तुझा,
गुलाम रसूल

ता. क. फैझानने विचारलं तर गाडी मला फार मानवली आहे असं सांग. त्याने हौसेने दिली आहे.

दुसरा ता. क. शुक्रवारी माझी गाडी स्वरूपकडे दुरुस्तीला असेल आणि मला रत्नागिरीत एक निकडीचं काम आहे. नमाजानंतर मशिदीसमोर उभा राहतो. मला पुढची खुर्ची नको, मागे कोंबड्यांजवळ चालेल.

तिसरा ता. क. गाडी अंगणातच असेल, ठणठणीत. रत्नागिरीत मला काही काम नाही. जागा नसली तरी थांब.