ढिले ब्रेक, पक्की मांड

१७ सप्टेंबर १९५१, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. न चुकता.

नोटीस आली. पागेच्या लाइनीतली सगळी घरे नव्या सरकारने ताब्यात घेतली. जो सरकारी नोकरीत असेल त्याने राहावे, बाकीच्यांनी ऑक्टोबरअखेर जागा खाली करावी. म्हणजे ऐन दिवाळीत. संस्थान गेले, मध्य भारत राज्य आले, पागा मोडली, घोडे लिलावात विकले. आता माणसांचा नंबर.

पद्मा म्हणाली, आता काय? म्हटले, आता काय म्हणजे? दफेदार सूर्याजीराव अजून जिवंत आहे. तोडगा आम्ही आधीच काढून ठेवलाय. महसूल खात्यात फिरत्या निरीक्षकाची जागा निघाली आहे. मुरार आणि आसपासची गावे. अट एकच, उमेदवाराकडे स्वतःची सायकल हवी आणि ती चालवता आली पाहिजे. अर्जात लिहून दिले, उत्तम येते. आजवर बसलो नाही, एवढेच. ज्याने काठियावाडी घोडे सरळ केले, त्याच्यापुढे दोन चाकांची काय मातब्बरी!

पद्मा म्हणाली, नाहीच जमले तर बडोद्याला माझ्या भावाकडे जाऊ, तो नाही म्हणणार नाही. मेहुण्याच्या घरी! आम्ही! जेवण अर्धे टाकून उठलो.

निश्चय: आठवड्याच्या आत सायकल निवडणे.

१९ सप्टेंबर, बुधवार

नई सडकवर लालाच्या दुकानात गेलो. लालाने एका ओळीत सायकली लावलेल्या. बघूनच मन विटले. सगळ्यांचे रंग सारखे, उंची सारखी, तोंडे सारखी. तरी आमच्या घरची रीत सोडली नाही. आधी लांबून पाहिले. मग जवळ जाऊन पुढून, मागून, मग डावीकडून. मान हलवून बघितली. चाक उचलून खाली सोडले. कानाजवळ घंटी वाजवून बघितली. खिंकाळते बरी.

लाला म्हणाला, हुजूर, ये साइकिल है, घास नहीं खाती. दुकानातली माणसे हसली. लक्ष दिले नाही. बनिया आहे, त्याला जनावराची पारख कुठून असणार?

एक निवडली होती. शेवटच्या क्षणी सीटखालच्या नळीवर रंगाचे वेटोळे दिसले. सरळसरळ भोवरा! खोगिराखाली भोवरा असलेला घोडा आणला की धन्याचे घर सुटते, हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक. नोटीस आलेल्या माणसाने असले जनावर घ्यायचे? नाकारली.

२३ सप्टेंबर, रविवार

शेजारचे रमाकांत आले होते. पूर्वी दरबारच्या दफ्तरात होते, आता नव्या सरकारच्या दफ्तरात आहेत. खुर्ची तीच, वर फक्त तसबीर बदलली. माणूस बरा. पण घोड्यावर कधी बसलेला नाही, त्यामुळे विचार जमिनीवरचेच. म्हणाले, दफेदारसाहेब, नवी कशाला? माझी जुनी घ्या, रोज संध्याकाळी मी शिकवतो.

शिकवतो! आम्हाला! तेही मागून सीट धरून, लाइनीतल्या बायकांच्या देखत. शिवाय उसने जनावर. हसून नाही म्हटले. ते गेल्यावर पद्मा म्हणाली, ते भल्यासाठी सांगत होते. म्हटले, भल्याचे आम्हाला कळते.

आठवडा उद्या संपतो. घाईने निवडण्यात अर्थ नाही. आणखी एक आठवडा.

२७ सप्टेंबर, गुरुवार

लालाकडे चौथ्यांदा. आता तो उठूनही बघत नाही, नुसता हात करतो. एकीचे पुढचे चाक चालताना जरा बाहेर फेकते. एक फार बुटकी. एक लाल. लाल रंगाचे जनावर आमच्या घराण्यात कधीच टिकले नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणाला समजत नाही. सपाटीवर काय, गाढवही धावते. आमच्या घरात उरवाईची घाटी उतरवल्याशिवाय एकही घोडा दाराशी बांधला नाही. किल्ल्यावरून खाली, कड्यात कोरलेल्या मूर्तींच्या वळणावरून, दरवाजापर्यंत. लगाम सैल. त्यात जो घसरला, बिथरला, तो परत. आजोबांनी असाच एक देखणा घोडा परत पाठवला होता. लालाला म्हटले, उतरवून बघतो, मग घेतो. लाला म्हणाला, पहले खरीदिए, फिर चाहे कुतुबमीनार से उतारिए.

पद्मा म्हणाली, सीट खाली करून घ्या आणि ब्रेक नीट बघा. बायकांना वाटते सायकल म्हणजे शिवणाचे मशीन.

२ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र आले. सोमवारी १५ तारखेला इंटरव्ह्यू. स्वतःच्या सायकलीसह हजर राहावे. रमाकांत म्हणाले, साहेब मैदानात एक फेरी मारायला लावतात, कालच दोघांना परत पाठवले. आम्ही म्हटले, पाठवलेच पाहिजे. हल्ली कोणीही अर्ज करतो.

रात्री झोप लागली नाही. डासांमुळे.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

घेतली! काळी, उंच, छाती रुंद, मडगार्डवर पांढरा पट्टा. पागा मोडल्यावर हातात आलेल्या रकमेतली बरीच गेली. पण जनावर फर्स्टक्लास. लालाने निरोप देताना हात जोडले.

घरापर्यंत चालवत आणली नाही. नव्या जनावराला पहिल्या दिवशी हाताने धरून आणायचे असते. पडाव चौकात जयसिंहराव भेटले, आमच्याच तुकडीतले, आता ट्रान्सपोर्टवाल्याकडे मुनीम. म्हणाले, पंक्चर झाली का? म्हटले, हो.

पद्माने दारात ओवाळले. मग तिने वाकून चेन पाहिली, हँडल धरून ब्रेक दाबला, सीटवर हात फिरवला. म्हणाली, छान आहे, जरा उंच आहे. सुमन शाळेतून आली आणि म्हणाली, आबा, बसून दाखवा ना. म्हटले, आज दमली आहे ती.

६ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे पागेच्या रिकाम्या मैदानात गेलो. कोणी नव्हते. डाव्या बाजूने रिकिबीत, म्हणजे पॅडलवर पाय ठेवला, उजवा पाय वर टाकला. ती उभीच राहिना. मूळ दोष हाच. घोडा स्वार बसेपर्यंत थांबतो, ही निघून जाते. तीन वेळा ती एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे.

चुचकारून पाहिले. थोपटले. चौथ्यांदा बसलो आणि बऱ्यापैकी गेलो. मग विहिरीचा कठडा मध्ये आला.

गुडघा फुटला. पद्माने विचारले. म्हटले, मैदानात खड्डे फार, नवे सरकार लक्ष देत नाही.

८ ऑक्टोबर, सोमवार

विश्रांती. गुडघ्याला नव्हे, सायकलीला. नव्या जनावराला फार राबवू नये.

पद्मा म्हणाली, आठ दिवस राहिले, रमाकांत भावजींना बोलावू का? म्हटले, खबरदार. मग म्हणाली की बडोद्याला पत्र टाकून ठेवते, नुसते कळवायला. वर माळ्यावरची ट्रंक काढून पुसत होती. या घरात सुमन जन्मली. दाराशी कायम एक घोडा असायचा. तिला म्हटले, ठेव ती ट्रंक वर, अजून आम्ही मेलो नाही. तिने ठेवली नाही.

१० ऑक्टोबर, दसरा

सायकलीला स्नान घातले, हळदकुंकू, झेंडूची माळ. चाकांना गंध. पूर्वी या दिवशी लाइनीत घोड्यांच्या टापांनी जमीन हलायची. आज रमाकांतांची, आमची आणि दूधवाल्याची, अशा तीन सायकली. सोने वाटायला तेवढे लोक होते.

दुपारी लालाकडे जाऊन ब्रेक ढिले करून घेतले. लाला म्हणाला, हुजूर, उलटा काम करवा रहे हैं. त्याला समजावले. उतारावर लगाम ओढला की घोड्याचे तोंड कायमचे खराब होते, मग तो ऐकत नाही. उतारावर लगाम सैल सोडायचा, मागे रेलायचे, मांड पक्की ठेवायची आणि जनावरावर विश्वास टाकायचा. ब्रेक दाबणे हे भित्र्याचे काम. लालाने दोन्ही पेच सैल केले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी पद्माने ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाली, अहो, हा लागतच नाही. म्हटले, लागायला नकोच.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी

ठरले. आज उरवाईची घाटी. सपाटीवर शिकत बसण्यात दिवस जातात, उतारावर एकदा जनावर आणि स्वार यांची ओळख झाली की मैदानातली फेरी पोरखेळ. सोमवारी साहेब बघत राहील. बूट पॉलिश केले, फेटा बांधला. पद्माला सांगितले, मुरारला जाऊन येतो.

१४ ऑक्टोबर, रविवार

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट.

उजव्या खांद्याजवळचे हाड मोडले. प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, दीड महिना.

वर्णन थोडक्यात. वरपर्यंत ढकलत नेली, दम लागला. माथ्यावर बसलो. बसलो हे खरे. निघालो आणि पहिला उतार, काय सांगावे, वारा कानात, फेटा सुटलेला, पंधरा वर्षांनी लहान झालो. हँडल सैल सोडले, मागे रेललो, मांड आवळली. जनावर स्वतः वळेल असा विश्वास होता. मूर्तींच्या वळणावर ते वळले नाही. हो हो हो म्हणून ओरडलो. ऐकले नाही. पुढे रस्त्याच्या कामाची खडी पडली होती.

भाजीच्या ठेल्यावर घालून आणले. भोपळ्यांशेजारी. लाइनीतली सगळी माणसे दारात उभी. पद्मा रडली नाही, ओरडलीही नाही. फेटा शोधायला रमाकांतांना घाटीत पाठवले तिने.

चूक खडीची. सरकारला अर्ज करणार आहे.

१५ ऑक्टोबर, सोमवार

आज इंटरव्ह्यू. आम्ही खाटेवर.

पद्मा म्हणाली, मी जाऊन पुढची तारीख मागते. म्हटले, आमच्या घरातली बाई दफ्तरात जाणार नाही. ती सुमनला शेजारी ठेवून रमाकांतांबरोबर गेली.

दुपारी आली. जागा सकाळीच भरली गेली. आम्ही म्हटले, बरे झाले, फिरतीची नोकरी आम्हाला मानवली नसती. मग तोंड भिंतीकडे केले. खांदा फार दुखत होता. नाही, खांदा तेवढा दुखत नव्हता.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

पद्माला नोकरी लागली.

परत वाचले. बरोबरच लिहिले आहे. मुरारला सरकारने मोठ्या बायकांच्या शिक्षणाचे वर्ग काढलेत. बाई मिळत नव्हती, कारण आमच्या लष्कर भागातून मुरार लांब आणि रोजचे जाणे. सोमवारी ती साहेबाला म्हणाली, मी येईन सायकलने. बडोद्याला सातवी पास आहे, हेही तिने सांगितले. साहेबाने आज ऑर्डर पाठवली.

म्हटले, सायकलने? तुला कुठे येते? म्हणाली, बडोद्याला शाळेत सायकलनेच जात होते, आम्ही चौघी मैत्रिणी. म्हटले, सतरा वर्षांत सांगितले नाहीस. ती भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, तुम्ही विचारले कधी?

निश्चय: परवानगी न देणे.

२२ ऑक्टोबर, सोमवार

परवानगी दिली. म्हणजे तिने मागितली नव्हती, पण आपणहून दिली.

लालाने चाक सरळ करून ती काळी परत घेतली आणि बदल्यात बायकांची सायकल दिली, मधला दांडा नसलेली. रमाकांत सांगत होते, पद्माने दुकानात एक फेरी मारून पाहिली, ब्रेक दाबले, म्हणाली, हीच द्या. एवढेच. भोवरा नाही, छाती नाही, काही नाही. चहा थंड व्हायच्या आत निवडली. तिथून चालवत घरी आली, पदर कमरेला खोचून. लाइनीतल्या बायका बघत होत्या. मीही बघत होतो, खिडकीतून. तिचे वळण चांगले आहे. खरे सांगायचे तर फार चांगले आहे.

२९ ऑक्टोबर, सोमवार

दफ्तरातून माणूस येऊन पाटी लावून गेला. घर राहिले. पाटीवर नाव पद्माबाईंचे. दिवाळीला ट्रंक परत माळ्यावर गेली, ती मात्र मीच सांगून ठेवायला लावली. डाव्या हाताने शिडी धरली.

घर वाचले याचा आनंद आहे. आनंदच आहे. रात्री सुमन झोपल्यावर थोडे वाईट वाटले. थोडे नाही, फार वाटले. पद्माला कळले असावे. तिने पांघरूण सारखे केले.

१ नोव्हेंबर, गुरुवार

पद्माचा पहिला दिवस. मी लवकर उठून सायकल पुसली, चेनला तेल दिले. हवा एका हाताने भरता येईना, तेव्हा पंप पायाने धरला. मग दारात आणून उभी केली आणि डाव्या हाताने सीट पकडून ठेवली, बसताना हलू नये म्हणून. शेजारी रमाकांत उभे होते, त्यांनी तोंड दुसरीकडे केले.

ती बसली. मी सांगू लागलो, पुलाजवळ गर्दी असते, ट्रकवाले बघत नाहीत, अंधार पडायच्या आत निघ, जेवण ठेवायची चिंता नको, भात मी टाकतो. तिने सगळे ऐकून घेतले. मग मागे वळून म्हणाली, अहो, सोडा ना आता, उशीर होतोय.

सोडले.