देवासाठी खुडलेली कळी

ती. राजारामदादांस,

कौमुदीने लावलेल्या, फक्त वसंतात फुलणाऱ्या पिओनीच्या झुडपाला चौथ्या वर्षी पहिली कळी आली होती. केमोथेरपीमुळे तिला बागेत जाणे जमत नाही, म्हणून मी तिचा पलंग खिडकीशी हलवला होता. तुम्ही इथे परदेशात, रिकार्टनला, आमच्याकडे पाहुणे म्हणून आलात आणि आंघोळ होताच ती कळी न विचारता खुडलीत. "देवालाच वाहिली ना? बिघडलं कुठं?" असे वर हसून म्हणालात. त्या हसण्याची मला किळस आली. संध्याकाळी कळी न उमलताच निर्माल्यात गेली.

"भाऊजींना एक शब्द बोलायचा नाही," कौमुदीने बजावले, "माझ्यासाठीच वाहिली त्यांनी." म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही. पण दादा, देवाला उद्याही कुणीतरी फूल वाहील. कौमुदीला पुढचा वसंत मिळेल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

आपला धाकटा,
धैर्यशील