सोडायचं ते आपल्या वाट्यातलं

माय, आज रविवार, २०१२ सालच्या मे महिन्यातला शेवटचा. सकाळचे सहा वाजून गेलेत. तलावाच्या बांधावर बसून, आपल्या संस्थेच्या तत्त्वांचा जो कच्चा कागद होता त्याच्या पाठीमागे हे लिहितो आहे. समोर तलाव म्हणावा असं फारसं उरलेलं नाही. भेगाळलेली माती आणि मधोमध डोह. आज जाळं टाकायची पाळी माझी आहे.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. शाळा तिथेच राहिली. पण अक्षर बरं आणि लिहिलेलं पुन्हा पुन्हा तपासायची खोड, म्हणून मच्छीमार संस्थेने मला लिहिण्याच्या कामाला घेतलं, आणि पुढे कमिटीतही. यंदा उन्हाळ्याआधी नागपूरहून तलावांवर काम करणाऱ्या एक ताई आल्या. म्हणाल्या, "वीस वर्षांनी तुमची संस्था, तुमचा तलाव कसा असावा ते आधी ठरवा. मग त्यासाठी काय पाळणार ते लिहा." अध्यक्षकाकांनी लगेच सांगितलं, "लिही रे, सर्वांचा शाश्वत आणि सर्वांगीण विकास." मी सुबक अक्षरात लिहिलं. ताईंनी वाचलं आणि विचारलं, "काका, हे पाळलं नाही तर कोणाला कळेल?" काका म्हणाले, "कोणालेच नाही. म्हणून तं सांगून राहिलो." समाजमंदिरात सगळे हसले, ताईही हसल्या. पण कागद त्यांनी मला परत दिला.

हसण्यावारी नेण्यासारखं वर्ष नव्हतं. पाणी लवकर आटणार हे तेव्हाच दिसत होतं, आणि एक व्यापारी पंप लावून डोह उपसायला, सगळे मासे एकदम उचलायला तयार होता. डोह उपसला की पावसाळ्यात अंडी घालायला मरळ उरत नाही. पलीकडच्या गावाने ते करून पाहिलं. आता ते दरवर्षी बाहेरून माशांचं बीज विकत आणतात. म्हणून डोहाला हात लावायचा नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. अडलं ते पुढे. उन्हाळ्याच्या पाळ्यांत पहिल्या पाळ्या कमिटीवाल्यांच्या, ही जुनी रीत. पाणी भरपूर तोवर मासे भरपूर. शेवटच्या पाळ्या एकट्या बायांच्या आणि ज्यांच्याकडे डोंगा नाही त्यांच्या; तोवर पाणी उरतं ते डोहातच. डोह सोडला तर त्यांनाच काही मिळणार नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "डोह सोडा म्हणता, पण सोडाचा कोणाच्या वाट्यातून?"

त्या प्रश्नावर मला तू दिसलीस. तुम्ही पाच-सहा बाया दिवसभर पाण्यात असता आणि संध्याकाळी याच बांधावर वाटे पडतात. वाटे तू करतेस, कारण तुझा हात सरळ आहे असं सगळ्या म्हणतात. आणि जी वाटे करते ती शेवटी उचलते. बाकीच्या उचलून झाल्या, उरला तो आपला. त्यात अंड्यांनी फुगलेली एक मरळ अजून तोंड हलवते आहे. तू ती पाण्यात सोडून देतेस. मी सात-आठ वर्षांचा, ओरडतो, "आपली काऊन सोडली? मावशीच्या वाट्यातबी तशीच हाय, ते सोड ना!" तू माझा कान धरतेस. "दुसऱ्याच्या वाट्यातलं सोडाले कोणालेबी येते. सोडाचं तं आपल्यातलं सोडाचं." त्या रात्री भात आणि झिंग्यांची चटणी होती. मी तुझ्याशी बोललो नाही. "रुसला तं रुस," तू म्हणालीस, "पण भात सांडू नको."

सभेत मी उभा राहिलो. म्हणालो, "जे नियम करतील ते शेवटी उचलतील. कमिटीच्या पाळ्या शेवटी लावा." काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "मंग कमिटीत येईल कोण बे? तुह्या घरावर टिना टाकाच्या हायेत, विसरला का?" विसरलो नव्हतो. छप्पर गळतं, आणि यंदाच्या पाळीच्या पैशांवर टिना घ्यायच्या हे घरी ठरलेलं होतं. "नाही विसरलो, काका. माहीबी पाळी शेवटीच लिहून राहिलो." तेव्हा कोपऱ्यातून मावशी बोलल्या, तुझ्यासोबत पाण्यात असायच्या त्याच, आता त्यांना नीट दिसत नाही. "हे नागपूरचं नोहे. हे याच्या मायचं होय. तुमची बायको तिनंच केलेले वाटे घरी आणे ना, अध्यक्षसायेब? लहान लागले कदी?" सगळे असे हसले की काकांनाही हसावं लागलं. टोपी हातात फिरवत ते म्हणाले, "लिही. कमिटी शेवटी. पण सुचवलं तू, तं सगळ्यात शेवटी तू."

आता समाजमंदिराच्या भिंतीवर माझ्या अक्षरात आहे: वीस वर्षांनी या तलावात मरळ असावी आणि ती धरणारे आपलेच लोक असावेत. डोहाला हात लावायचा नाही. नियम करणाऱ्यांनी शेवटी उचलायचं. सोडायचं ते आपल्या वाट्यातलं. ताईंनी वाचून एवढंच म्हटलं, "आता पाळलं नाही तर कळेल."

काकांना त्यांच्या पाळीत मूठभर बारीक मासे मिळाले. शिव्या दिल्या, पण डोहाकडे गेले नाहीत. आज माझ्यासाठी डोहाशिवाय काहीच नाही. माझा वाटा तोच आहे, आणि तो पाण्यात राहणार आहे. यंदाही छपरावर ताडपत्रीच. पुढच्या सभेत हे भिंतीवरचं कोणी पुसायला निघालं तर मी पुन्हा उभा राहीन. निघताना तुझी सून म्हणाली, "डोहात टाकाचं नाही तं जाळं कायले नेऊन राहिले?" मी म्हणालो, "पाळी हाय म्हणून." मघापासून डोहात मरळ वर येते, तोंड उघडते, खाली जाते.

हा कागद घडी करून खिशात ठेवतो, पाठवायचा कुठे? पण तुला सांगतो, सुनेला दिलेलं ते उत्तर खरं नव्हतं. पहाटे जाळं खांद्यावर घेतलं तेव्हा ते डोहात टाकायचंच मनात होतं. आता ते शेजारी पडलं आहे, कोरडं. ऊन चढलं की तसंच घरी नेतो.