गुरुजींचा एक 'व'

नाशिक, ३ एप्रिल २०२५

ती. वाल्मीकमामा आणि सौ. मामी यांस,
हर्षालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मागचं पत्र तुम्ही तांबड्या शाईने तपासून परत पाठवलंत, ते पोचलं. दहापैकी साडेचार. चौथीत मला सहा मिळायचे, म्हणजे भूगर्भशास्त्र शिकून माझी प्रगती उलटीच झाली. ऑफिसात सगळे विचारतात, हल्ली पत्रं कोण लिहितं? मी सांगते, आमचे मामा निवृत्त शाळामास्तर आहेत आणि फोनवर शुद्धलेखन दिसत नाही म्हणून ते फोन उचलत नाहीत.

आता कामाचं. आमच्या प्रयोगासाठी तुमच्या गावचा तो खडकाळ माळ पसंत पडलाय. १ मेच्या ग्रामसभेने होकार दिला तर तिथे बोअर घेऊ. नकार आला तर प्रयोग गुजरातेत जाईल आणि त्याच्याबरोबर मीही. मामा, मला नाशिक सोडायचं नाही. रविवारी उठून मामींच्या हातची नागलीची भाकरी खायला गुजरातेतून कशी येणार?

सोबत सूचना पाठवते. तुमच्या वळणदार अक्षरात उतरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावाल ना? मजकूर एवढाच: "दिंडोरीकडील वाइनरीत तयार होणारा गॅस पकडून आणून गावच्या माळावर जमिनीखाली कायमचा पुरणार आहोत. कुणाला धोका नाही." बाकीचं मी सभेत येऊन समजावीन.

कळावे. लोभ आहेच, गुणही जरा वाढवावेत ही विनंती.
आपली, हर्षाली

---

१२ एप्रिल २०२५

चि. हर्षाली हिस,
वाल्मीकमामाचे अनेक आशीर्वाद.

सूचना मिळाली. वाचून आनंद झाला आणि लाजही वाटली. एका वाक्यात दोन चुका! 'जमिनीखाली' नव्हे, 'जमिनीखालून'. आणि घाईत 'पुरवणार'मधला 'व' तू गिळलास. दोन्ही दुरुस्त करून फळ्यावर लावलं आहे.

गावात नुसता आनंदीआनंद आहे. गोबरगॅस शेणातून निघतो, तसा हा द्राक्षांच्या चोथ्यातून निघत असावा, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. घरोघरी जमिनीखालून कायमचा गॅस येणार म्हटल्यावर बायकांनी मला ओवाळलं. बायडाबाईने विचारलं की वाइनरीचा गॅस म्हणजे भाजीला वास तर येणार नाही ना. तिच्या नवऱ्याने विचारलं की येईल का. तुझ्या मामीने तर परवा चूल फोडली आणि तिथे मोगऱ्याची कुंडी ठेवली. आमचं सिलिंडर तिने त्र्यंबकला राहणाऱ्या आपल्या बहिणीला देऊन टाकलं.

सरपंच हिरामण म्हणतो, होकार नक्की. याला मी मराठीत नापास केलं होतं, तरी मन मोठं आहे पोराचं.

कळावे, आशीर्वाद आहेतच. पुनर्लेखनाची सवय ठेव.
तुझा, वाल्मीकमामा

---

नाशिक, १६ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, मी 'व' गिळला नव्हता. मला 'पुरणार'च म्हणायचं होतं. खड्डा करून पुरतात, तसं.

चूक माझीही आहे, आधीच नीट सांगायला हवं होतं. द्राक्षाचा रस आंबताना जो निघतो तो कार्बन डायऑक्साइड. तो हवेत गेला की उष्मा वाढतो. म्हणून तो पकडायचा, पाण्यात विरघळवायचा, म्हणजे जवळजवळ सोडाच करायचा, आणि खोल काळ्या दगडात सोडायचा. आपल्या काळ्या दगडाच्या भोकांत पांढरे खडे सापडतात ना? या पाण्याशी दगडाचा संयोग होऊन तसलेच खडे तयार होतात. दोन-तीन वर्षांत बराचसा गॅस दगड होऊन बसतो, मग तो वर यायचं कारण उरत नाही. गावाच्या विहिरींचं पाणी याच्या पुष्कळ वर आहे, मध्ये घट्ट खडकाचे थर आहेत. तरी आम्ही ते सतत तपासणार आहोत.

आणि मामा, हा गॅस जळत नाही. उलट आग विझवतो. मामींना हे जरा हळू सांगा.

आता काय करायचं? मी लगेच निघून येऊ का? मला रडू आणि हसू एकदमच येतंय.

कळावे, लोभ असू द्यावा, निदान १ मेपर्यंत तरी.
आपली, हर्षाली

---

२२ एप्रिल २०२५

चि. हर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद.

तू येऊ नकोस. लोक नव्या शेगड्या घेऊन वाट बघत आहेत, समोर दिसलीस तर त्याच डोक्यात घालतील. तुझ्या साहेबांना पाठव, ते अनोळखी आहेत.

मामीला हळू सांगितलं. तिने ऐकलं मात्र जोरात. सध्या माझ्या ताटात भिजवलेले पोहे असतात, दोन्ही वेळा. मोगऱ्याला ती पाणी घालते, मला विचारत नाही.

फळ्यावरचा 'व' मी गुपचूप पुसायला गेलो होतो. तेवढ्यात हिरामण आला आणि म्हणाला, गुरुजी, तुमचं अक्षर राहू द्या, सभेत तुम्हीच वाचून दाखवा. मी होय म्हणून परत आलो. हर्षाली, उभ्या नोकरीत मी कुणासमोर 'माझं चुकलं' असं म्हटलेलं नाही. शिक्षणाधिकाऱ्याचीही दोन पत्रं तपासून परत पाठवली होती. हे वाक्य तोंडातून कसं काढतात, तेच मला माहीत नाही. आरशासमोर सराव करतोय. 'माझं' इथपर्यंत नीट होतं.

पण तू गुजरातेत जायची नाहीस, एवढं मनात धरून सभेला जाणार आहे.

कळावे. या वेळी तुझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही, फार शोधली.
तुझा, वाल्मीकमामा

---

२ मे २०२५

चि. हर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद. आधी बसून घे, मग वाच.

काल सभेला माणूस मावत नव्हतं. मी उभा राहिलो, फळा वाचला आणि म्हणालो की यातला 'व' माझा आहे. भाचीने बरोबर लिहिलं होतं, माझं चुकलं.

मग बायडाबाई म्हणाली, नीट ऐकू आलं नाय. मी पुन्हा म्हणालो. मागचे ओरडले, आम्हाला नाय आलं. पुन्हा म्हणालो. तेव्हा हिरामणने माझ्या हातात माइक दिला आणि म्हणाला, गुरुजी, आता बाहेरच्यांसाठी. अगं, बाहेर पारावर माणसं बसली होती, सगळी माझ्याच हाताखालची! त्यांनी ते ऐकून टाळ्या वाजवल्या. काहींनी शिट्ट्या वाजवल्या. असला आनंद त्यांना पाइपातून गॅस येऊनसुद्धा झाला नसता.

त्यानंतर तुझ्या साहेबांना मात्र कुणी सोडलं नाही. विहिरीच्या पाण्याचं काय, जनावरांचं काय, गॅस वर आला तर काय, सगळं विचारून घेतलं. दर महिन्याला पाणी गावासमोर तपासायचं आणि जरा शंका आली की काम बंद, असं लिहून घेतल्यावरच हात वर झाले. सगळे झाले. एक अट माझ्यासाठी होती. मी शाळेचा अख्खा फळा भरून 'पुरणार' लिहायचं आणि हिरामणने तपासायचं. आज सकाळी लिहिलं. एका ठिकाणी उकार ऱ्हस्व की दीर्घ यावर त्याने मला हटकलं. तो चुकत होता. मी काही बोललो नाही.

तू नाशकातच राहणार! काल मी डोळे पुसले, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

कळावे, सुखी राहा.
तुझा, वाल्मीकमामा

---

१४ डिसेंबर २०२५

लाडक्या हर्षालीस,
कुसामामीचा लय लय आशीर्वाद.

माझं हे पहीलंच पत्र हाय. ऱ्हस्व-दीर्घ हाताला येईल तसं लिहिते. हे शेजारी बसून वाचत्यात, पण काय बोलत नायत.

चूल मी नवी घातली. भाकरी रोज मिळते यांना. गॅस नाय आला तर नाय, तू जवळ राहिलीस, मला एवढं पुरलं.

बोअरमधून तुमचं ते सोड्याचं पाणी खाली गेल्याला महिना झाला. विहिरीचं पाणी चांगलं हाय. पण एक अडचण हाय पोरी. हे सकाळी उठून माळावर जात्यात आन बोअरच्या झाकणावर खुर्ची टाकून बसत्यात. म्हणत्यात, माझ्या शब्दावर गावानं हात वर केलेत, गॅस वर आला तर आधी त्याला मला उचलावं लागंल. साहेबांनी सांगितलं, मीटर हाय, गरज नाय. हे म्हणाले, मीटरला लाज नसते.

थंडी लय हाय माळावर. मी घोंगडी नेऊन दिली, चहा नेते. तू रविवारी ये आन जोरात सांग यांना, की गॅसचा दगड झाला, आता उठा. झाला नसला तरी सांग.

तुझी, मामी