शेवग्यावरचा निळा पक्षी

सर, तुमच्या बैठकीत फ्रेम करून लावलेला तो निळा पक्षी मी केलता. मातीचा होता. आता सांगून काय उपयोग, तुमी जाऊन सहा वर्षं झाली. पण आधी सांगायला आलतो तवा दर वेळी तुमी चहा पाजला, आन माणसाचा चहा पिऊन झाल्यावर त्याला असलं काही सांगवत न्हाई. तीनदा आलतो. तिसऱ्या वेळी काकूंनी वर पोहे बी दिले, मंग तर विषयच संपला.

तुमी मला सातवीला होते. खडूच्या डब्यात बेडूक ठेवलता ते तुमाला लगेच कळलं, कारण सगळा वर्ग डब्याकडं बघत होता आन मी एकटा फळ्याकडं. "तू फळ्याकडं बघतोस म्हणजे कायतरी गडबड हाय," म्हणले. बेडूक खिडकीतनं सोडला, हात झटकले, आन शांतपणे म्हणले, "डोकं चांगलं हाय तुझं. फक्त मालक कधी घरी सापडत न्हाई." दोन छड्या मारल्या आसत्या तर इसरलो आसतो. दहावीला दोनदा नापास झालो, दोन्ही वेळी निकाल बघताना मला तेच आठवलं, की मालक गावाला गेलेला हाय.

मंग तुमी नोकरी सोडली. अजून आठ वर्षं बाकी होती. कटिंगच्या दुकानात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "कावून सोडली बे सरांनी?" "पक्ष्यांचे फोटो काढायचेत म्हणं." "मंग पक्षी काय रविवारी येत न्हाईत का?" सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो, कारण मी तुमच्या शेजारी ऱ्हायचो आन मला आतली खबर होती. पहिला महिना तुमी पक्ष्यांचे फोटो काढलेच न्हाईत. तुमी सैपाकघरात बसले. आमच्या गच्चीवरनं तुमची खिडकी दिसायची. काकू फोडणी टाकतात, आन तुमी मागं उभं राहून मोहरी आधी का जिरं आधी ह्याच्यावर तास घेताय. काकूंच्या हातात उलथणं. मला वाटायचं आज फेकतेत, उद्या फेकतेत.

शेवटी तो जुना कॅमेरा आणला, दुधीभोपळ्याएवढी लेन्स असलेला. शेवग्याखाली पाण्याची परात ठेवली, फुटक्या माठात ज्वारी टाकली, युरियाच्या पोत्यांची खोपटी केली आन तिच्यात स्टुलावर जाऊन बसले. आले कोण, तर सातभाई. सात जण आले, ज्वारी खाल्ली, एकमेकाला शिव्या देत निघून गेले. सगळे फोटो हललेले. तरी एखाद्या दिवशी साळुंकी परातीत आंघोळ करताना सापडली की तुमी रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून दाखवायचे. "पंखावरचं पाणी बघ, पाणी! थेंब न् थेंब मोजून घे." तो बिचारा डेअरीवर दूध घालायला चाललेला. एकदा मला गाडीवर बसवून मांजरसुंब्याला नेलतं, ढाब्यामागं घारी येतात म्हणून. तुमी खरकट्याच्या ढिगाकडं लेन्स धरली आन ढाबेवाल्याला वाटलं कुणी तपासणीवाले साहेब आले. तो पळत आला. "साहेब, आपण आत बसू ना." तुमी म्हणले, "मी पक्ष्यांचे फोटो काढतो." तो म्हणला, "कळलं साहेब, कळलं," आन दोन प्लेट भजे आले. तुमी त्याला समजावत बसले आन मी तुमची बी प्लेट संपवली. घार एक बी आली न्हाई.

तर त्या पोळ्यानंतरची गोष्ट. आमच्या देवळीत मातीचा बैल पडलेला होता, पाय तुटलेले, एक शिंग गेलेलं. बाजूला शिंगं रंगवायच्या रंगाचे डबे, थोडा निळा, थोडा लाल उरलेला. माझ्या हाताला काही काम नव्हतं. दुसरं शिंग मोडलं, ओल्या मातीची चोच लावली, शेपटीला खराट्याच्या काड्या खुपसल्या, वाळल्यावर सगळं निळं केलं, चोच लाल केली. वशिंड घासून काढायचा कंटाळा आला म्हणून ते पाठीवर तसंच ऱ्हायलं. पोटाखाली तारेचा आकडा बसवला आन दुपारी तुमी झोपल्यावर कुंपणावरनं शेवग्याच्या फांदीला अडकवून आलो. माझा हिशोब सरळ होता. तुमी उठणार, हरखणार, चार फोटो काढणार, मंग कळणार, मंग मला बोलवून कायतरी चांगलं बोलणार. खरं सांगू का, मला ते बोलणंच पाहिजे होतं. दहावीनंतर मला कुणी नीट शिव्या बी देत नव्हतं.

तुमी उठले. खोपटीत गेले. एक तास झाला, दोन तास झाले. मी गच्चीवर तोंडात टॉवेल कोंबून बसलेलो. अंधार पडायच्या आधी तुमी बाहेर आले आन काकूंना म्हणले, "जरा बी हलला न्हाई. एवढा शांत पक्षी मी जन्मात बघितला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हसायला गच्चीवर गेलो, आन माझंच हसू गेलं. पक्षी त्या फांदीवर नव्हता. वरच्या फांदीवर होता. तोंड दुसरीकडं. तिसऱ्या दिवशी सीताफळावर. चौथ्या दिवशी परातीच्या काठावर, पाण्यात बघत. सर, ह्याला मी पंख दिलेच नव्हते. दोस्ताला सांगितलं तर तो म्हणला, "बे, आदल्या वर्षीच्या पूजेतला बैल होता ना तो? मंग. नेवैद्य खाल्लेली माती हाय." मी दोन दिवस जेवलो न्हाई. आईनं माझी दृष्ट काढली. काढून आणावा म्हणलं तर तुमी दिवसभर त्याच्याखाली. आन तुमचं त्वांड बघितलं की सांगवत बी नव्हतं. इतकं खुश मी तुमाला निकालाच्या दिवशी बी बघितलं नव्हतं.

सोळा दिवसांनी पक्षी गेला. कुठंच न्हाई. तवा गावात निम्मी घरं कोयते घासत होती, मुकादम फेऱ्या मारत होते. तुमी शेवग्याखाली उभे होते, मी कुंपणाशी. मी म्हणलं, "सर, ऊसतोडीला गेला आसंल." तुमी वळून माझ्याकडं बघितलं आन म्हणले, "मंग गुढीपाडव्यापर्यंत येईल." आन मंग, काही कारण नसताना, गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. "धर. श्वास आत. बटन दाबायचं न्हाई, त्याच्यावर बोट ठेवायचं आन इसरून जायचं." परातीवर तवा खरा बुलबुल आलता. मी दाबलं. फांदी आली फक्त. तुमी म्हणले, "फांदी चांगली आलीय."

त्याच फांदीवर माझं पोट चाललंय. चौकात माझं फोटोचं दुकान हाय, पासपोर्ट, लग्न, जावळ, सगळं. नवरानवरीला उसाच्या फडात पळवतो. पण तो निळा फोटो तुमच्या भिंतीवरच ऱ्हायला, आन तुमी गेल्यावर तर त्याच्याखाली कोण बसलं की काकू सांगायच्या, "हा ह्यांचा सगळ्यात आवडता." मी मान खाली घालून चहा प्यायचो.

मागच्या महिन्यात शाळेतनं निरोप आला. वाचनाच्या नव्या खोलीत तुमचे फोटो लावायचेत, बारा. काकूंनी प्रिंटचं काम मला दिलं आन म्हणल्या, "निळा मधोमध, सगळ्यात मोठा." वर कळलं की उद्घाटनाला अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या बाई येणार, ज्या पोरांना पक्षी-प्राणीच शिकवतात. मी दुकानाचं शटर खाली ओढून बसलो. त्या बाई एक मिनिटात ओळखणार. कटिंगच्या दुकानातली सगळी मंडळी तिथं आसणार. आधीच म्हणत होते पगार सोडून येडं झालं, आता म्हणणार मातीपुढं सोळा दिवस बसलं. आन तुमी उत्तर द्यायला बी न्हाईत. सर, तुमच्यावर मी हसलेलो चालतंय. बाकीच्यांनी हसायचं न्हाई.

म्हणून चौथ्यांदा आलो. ह्या वेळी दारातच म्हणलं, "काकू, चहा नको." त्या घाबरल्या. "काय झालं रं? कोण गेलं?" मी एका दमात सगळं सांगितलं, बैल, खराटा, रंग. काकूंनी ऐकून घेतलं, उठल्या, आत गेल्या. मला वाटलं उलथणं आणायला गेल्या. त्यांनी तुरीच्या डाळीचा डबा आणला, हात आत घातला आन पक्षी बाहेर काढला. तोच. एक काडी तेवढी कमी.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," म्हणल्या. "संध्याकाळी हे आत आल्यावर आमटीला शेंगा काढायला गेले तर काठीच्या आकडीला शेंगांऐवजी हा आला. म्हणलं ह्यांना सांगावं. मंग आठवलं, एरवी तासाभरात कंटाळून आत येणारा माणूस आज दुपारपास्नं बाहेर होता. महिन्यातनं पहिल्यांदा मी माझ्या मनानं फोडणी दिली होती. मंग काय, हे सकाळी आंघोळीला गेले की मी आकडीनं ह्याला दुसऱ्या फांदीवर टांगायचे. एकाच जागी राहिला आसता तर दोन दिवसांत कंटाळून परत चुलीपाशी आले आसते."

"आन मी दोन दिवस जेवलो न्हाई, काकू!"

"बरं झालं. लई उंडगा होतास."

"मंग काढला कावून?"

"खरे यायला लागले ना. बुलबुल आला, शिंजीर आला. हे आता आपले आपण बाहेर बसायला लागले. मंग ह्याला कशाला उन्हात ठेवायचं?"

मी म्हणलं, "सरांना कळलं होतं का?"

काकू डब्याचं झाकण लावत म्हणल्या, "मी इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर परत सैपाकघरात आले आसते."

मंग त्यांनी तुमची वही दिली, प्रत्येक पक्ष्याला एक पान असलेली. निळ्याचं पान मी पंधरा वेळा वाचलं. "नाव: माहीत नाही. चोच: लाल. पाठीवर उंचवटा. आवाज: नाही. आहार: काही घेत नाही. स्वभाव: बैलासारखा गरीब." सर, तुमच्या वडलांची दोन बैलजोड्यांची शेती होती. तुमी निम्मं आयुष्य शिंगं रंगवलेली. आन तो फोटो तुमी एका बी ग्रुपवर कधी टाकला न्हाई. मी इचारलं तवा म्हणलते, "गर्दी होईल." मी काही म्हणत न्हाई. मी फक्त पान वाचलं.

उद्घाटनाला मी मागं भिंतीला चिकटून उभा होतो. बाई एक एक फोटो बघत पुढं चालल्या, आन मधल्या फोटोपाशी थांबल्या. चष्मा काढला. परत घातला. कटिंगवाला माझ्याकडं बघून भुवया उडवतोय. तेवढ्यात पुढं बसलेली पहिलीतली एक पोरगी उठून ओरडली, "आवं, ह्यो तर पोळ्याचा बैल हाय! वशिंड बघा की!" काकू उठल्या, पिशवीतनं पक्षी काढला, टेबलावर ठेवला आन म्हणल्या, "हाय. बैलच हाय. आमच्याकडं सोळा दिवस होता, आन त्याच्यामागनं हे सगळे अकरा आले."

आधी बाई हसल्या. मंग खोली अशी हसली की पत्रे हलले. पण सर, ते हसणं वेगळं होतं. मी कान देऊन ऐकलं, त्याच्यात तुमी कुठं बी खाली पडलेले नव्हते. पोरं पक्षी हातात घ्यायला भांडत होती. कटिंगवाला शिंजिराच्या फोटोला नाक लावून म्हणत होता, "हा आपल्या गावात हाय? मला कसा दिसला न्हाई बे?" बाईंनी पक्षी तळहातावर घेतला, फिरवून बघितला आन इचारलं, "केलाय कुणी?"

ती खोली म्हणजे आपला सातवीचा वर्गच हाय, सर. नवा रंग दिलाय, फळा तोच. त्या फळ्यापुढं मी आख्खं वर्ष बसलो, तुमी कितीतरी प्रश्न इचारले, मी एकदा बी हात वर केला न्हाई. त्या दिवशी केला. काकूंनी वळून बघितलं आन त्या पहिलीतल्या पोरीला म्हणल्या, "ह्याच्यापासून लांब ऱ्हा."

हे सगळं लिहून काढलंय, पण टाकायचं कुठं? तुमच्या वहीत त्याच निळ्याच्या पानात घडी घालून ठेवणार हाय. काकू वही उघडत न्हाईत. पक्षी परत डाळीत गेलाय. एकच ऱ्हायलं. दुकानाच्या मागं मी परात ठेवलीय, रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर बसतो, श्वास आत, बोट बटनावर. गावाला वाटतं तुमचा शिष्य म्हणजे लई मोठा फोटोवाला. तर सर, मला अजून एक बी जिवंत पक्षी नीट आलेला न्हाई. फांद्या मात्र लई चांगल्या येतात.