उजव्या पाकळीचं विमान

६ जानेवारी, मंगळ.
पणजीहून रिकाम्या हाताने परत. दुकानात सुटे भाग जोडून करायच्या विमानांची दोनच खोकी उरलेली, दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं. हरिकेन, मोठ्या मापाचं. आणि स्पिटफायर, अगदी लहान, तळहातावर मावेल असं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, नातवाक जाय?" म्हटलं, हय. दोघा म्हाताऱ्या भावांना जोडत बसायला हवंय, हे सांगायची लाज वाटली. एक खोटं तिथेच झालं.
दोन्ही घेता आली असती. पण दादाचा शिंप्याचा नियम: हाती घेतलेला कपडा शिवून हातावेगळा झाल्याशिवाय दुसऱ्याला कातर लावायची नाही.

७ जाने.
सकाळी पावाचे उंडे घेऊन दादाकडे. दोन्ही विमानं सांगितली. हरिकेनच्या खऱ्या विमानाला मागच्या अंगाला कापड ताणलेलं असायचं म्हटल्यावर तो उठूनच बसला. "कापड? मगे तां आमच्या धंद्यातला." मोठ्या मापाचं, म्हणजे त्याच्या डोळ्यांनाही सोसणारं. डावा डोळा गेल्या साली ऑप. होऊनही सुधारला नाही. उजव्यात आता धुकं. डॉक्टर म्हणतात, त्याचंही करा. दादा ऐकून घेतो आणि विषय बदलतो. त्याच्या हाताने होणारं हे शेवटचंच विमान, हे दोघांनाही ठाऊक.
मग स्पिटफायरबद्दल मी जरा जास्तच बोललो. पंखाची गोलाई. झाकण उघडून दिसणारं इंजिन. जन्मभर तुयेच्या कारखान्यात मशीनं खोलली, जीव तिथेच जाणार.
दादा म्हणाला, "तुझा मन ल्हानात असा."
"छे, तुझं सांग."
"मगे देवाक इचार. उजवी पाकळी तुझ्या ल्हानाची, डावी माझ्या मोठ्याची."
उजवी बाजू, होकाराची, त्याने मला दिली.

११ जाने., रवि.
देवळात कौल घ्यायला गर्दी. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालत होता; जी आधी गळून पडेल तो देवाचा कौल. माझ्यापुढची बाई मुलीची सोयरीक विचारायला आलेली. उजवी पडली तशी पदराने डोळे पुसत गेली. तिच्यामागे मी.
"सांगा, काय विचारूचा?"
प्लास्टिकचं विमान कोणतं घेऊ, असं विचारू? "काय नाय, नुसतो नमस्कार," म्हणून नारळ ठेवला आणि पळालो.
दादा पडवीतच बसलेला. "खंयची पडली?"
तोंडातून निघून गेलं. "उजवी."
"बघलंस? देवाकसुद्धा तुझा मन कळता." हसला. मनापासून हसला. डावी म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? खोटंच बोलायचं तर निदान त्याच्या बाजूचं.

१३ जाने.
स्पिटफायर आणलं. वाटभर खोकं मांडीवर. आनंद झाला, हेही लिहायलाच हवं.

१८ जाने., रवि.
दादाकडे जनेलाखाली, उजेडाला मेज ओढून बसलो. भाग इतके बारीक की मलाच भिंग लागतं. वैमानिकाची खुर्ची दादाच्या चिमट्यातून निसटली. तो जमिनीवर ओणवा होऊन तळव्यांनी चाचपत राहिला. मी खाली बसून शोधायचं नाटक केलं. खुर्ची माझ्या पायाशीच दिसत होती, पण त्याच्या हाताला लागावी असं वाटलं. लागली नाही. शेवटी मीच दिली.
म्हटलं, मोठं घेतलं असतं तर…
"देवान दिलेल्याक नावा ठेवू नये."
खाई त्याला खवखवे.

२५ जाने.
आता सगळं मीच जोडतो. दादा पंख धरून बसतो, डिंक सुकेपर्यंत. शेपटापर्यंत ताणायची एरियलची तार म्हणून त्याच्या जुन्या बॉबिनचा काळा दोरा. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता सुई ओवणारा माणूस. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि माझ्यापुढे धरलं. "तूच ओव."
रात्री सौ. म्हणाली, "तुमी हल्ली दादांच्या तोंडाकडे बघनास नाय."

१ फेब्रु., रवि.
आज सांगायचंच ठरवून गेलो. रंगाची डबी उघडतोय तोच दादा म्हणाला, "डॉक्टर तारीख मागता. ऑपरेशन करूचा काय नाय, तां देवाक इचारून ये. तुझ्या हाताक देव पावता."
डबी तशीच बंद केली. म्हटलं, बरं.

३ फेब्रु.
जेवण जात नाही. सौ.ला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "सांगून टाका. रागावतीत दोन दिस."
रागावला तर सुटलो. तो रागावणार नाही, भीती तीच. आणि पाकळीवरचा त्याचा भरवसा मी मोडला, तर ऑप.ला तो कशाच्या बळावर तयार होईल? आणि न विचारताच 'उजवी' सांगितली, नि डोळा गेला तर…

८ फेब्रु., रवि.
दादाला म्हटलं, या खेपेला तूच चल, गाऱ्हाणं तुझ्या तोंडचं हवं. स्कूटरवर मागे बसवून नेलं. वाटेत सांगेन म्हणत होतो. देऊळ आलं.
गुरवाने मला ओळखलं. "आज तरी विचारतल्यात मां? त्या दिसा नारळ ठेवून नुसतो नमस्कार करून गेल्यात."
दादा माझा खांदा धरून उभा होता. हात हलला नाही. पुढे होऊन त्याने आपलं गाऱ्हाणं सांगितलं, शांतपणे.
पाकळ्या लावल्या. बराच वेळ उभे. एकही पडली नाही. दुपारची पूजा आली तसा गुरव म्हणाला, सांजेक या.
परत आलो. दारात उतरल्यावर दादा म्हणाला, "सांजेक तूच बघ. माका दिसना नाय. जी पडात तीच सांग."
त्याच्याकडेच जेवून मेजाशी बसलो. विमान पुरं झालंय, फक्त तार ताणायची राहिली. हात लावला नाही.
ऊन उतरलं. दादा केव्हाचा देवळात जायला चपला घालून पडवीत बसलाय.